उरलेल्या वेळेचं शहर

कल्याणला इतिहास आहे, डोंबिवलीला वेळापत्रक आहे. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेले आहेत, खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा आहे, सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं आहे. शेजारच्या डोंबिवलीकडे पाहुण्याला नेऊन दाखवावं असं फारसं काही नव्हतं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला पोहोचली, पुढच्याच वर्षी मे महिन्यात रूळ कल्याणला भिडले आणि मधल्या भातखाचरांतून, आगरी गावांच्या शिवेवरून आगगाडी तीसेक वर्षं न थांबता जात राहिली. डोंबिवलीला स्टेशन झालं 1887 साली. आज मध्य रेल्वेवरच्या सगळ्यांत गर्दीच्या स्टेशनांत त्याचं नाव घेतलं जातं.

डोंबिवलीवर लिहिणाऱ्यांचे साधारण दोन सूर ठरलेले असतात. एक गौरवाचा. सुशिक्षितांचं गाव, सांस्कृतिक नगरी, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांचं गाव. दुसरा कणवेचा. दाराला लोंबकळणारा चाकरमानी, पाठीला लावलेली सॅक, घामाघूम शर्ट. निशिकांत कामत यांच्या 2005 सालच्या ‘डोंबिवली फास्ट’नं या दुसऱ्या डोंबिवलीकराला चेहरा दिला आणि तो इतका चिकटला, की बाहेरच्या माणसाला गाव म्हटलं की गाडीच आठवते. दोन्ही सूर खोटे नाहीत. पण त्या दोघांच्या मुळाशी असलेल्या एका साध्या गोष्टीकडे फारसं कोणी पाहत नाही. या गावातले बहुतेक कमावते लोक दिवसभर गावात नसतात. सकाळी सात-आठला जातात, रात्री आठ-नऊला येतात. इथल्या घरांचे आकार, दुकानांच्या वेळा, सणांची धामधूम, बायकांचे उद्योग, रस्त्यांची दुर्दशा, इतकंच काय, इथलं राजकारणसुद्धा या गैरहजेरीतून घडलेलं आहे. उपनगराची गोडी आणि उपनगराचं दुखणं मी तिथेच शोधतो.

आधी लोक इथे आले कसे ते पाहू. मुंबईला उपनगरं नवीन नव्हती. 1896 च्या प्लेगनं शहर हादरलं, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या हवेतले रस्ते आणि प्लॉट आखले गेले. तेव्हाचं दादर हे उपनगरच होतं. पुढे ते शहराच्या पोटात गेलं, पार्ल्याचंही तसंच झालं, आणि जागा शोधणारा मध्यमवर्ग रुळांच्या कडेकडेनं आणखी पुढे सरकत राहिला. या सरकण्याला खरा रेटा दिला तो एका कायद्यानं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. कायद्याचा हेतू भाडेकरूला वाचवण्याचा होता, आणि गिरगाव, परळ, लालबागच्या चाळीतल्या लाखो बिऱ्हाडांना त्यानं वाचवलंही. पण त्यानंतर भाड्यानं देण्यासाठी चाळ बांधणारा माणूस मुंबईत उरला नाही. असलेल्या खोल्यांवर पागडी बसली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत थोरल्याचं लग्न झालं की त्याला पोटमाळा मिळायचा. धाकट्याचं लग्न ठरलं की प्रश्न उभा राहायचा, आता हा झोपणार कुठे?

धाकटा डोंबिवलीला गेला. ठाणे, मुलुंड परवडलं तर तिथे, नाही तर डोंबिवली. मुंबईच्या मराठी कुटुंबांच्या दोन पिढ्यांचं स्थलांतर या एका वाक्यात सांगता येतं. 1960 चा सहकारी संस्थांचा कायदा आणि 1963 चा मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा यांनी त्याला कागदपत्रांचा आधार दिला. बँकेतला कारकून, सचिवालयातला सहायक, पोस्टातला सॉर्टर, शाळामास्तर, विमा कंपनीतला टायपिस्ट अशा लोकांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, सोसायटीचं कर्ज घेतलं, बायकोचे दागिने मोडले आणि तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ‘ब्लॉक’ घेतला. इमारतींची नावं वाचत हिंडलं की या पिढीचं मन कळतं. श्रमसाफल्य, कृतार्थ, गुरुकृपा, मातृछाया. मलबार हिलच्या इमारतींवर श्रमाचा उल्लेख सापडत नाही.

इंग्लंडमध्ये लोक उपनगरात गेले ते धुरापासून दूर, घरापुढच्या चिमुकल्या बागेसाठी. इथले रूळ टाकणारी जीआयपी रेल्वे ही लंडनमधली कंपनी असली, तरी तिच्या रुळांवर वसलेल्या उपनगराचं आकर्षण बागेचं नव्हतं. ते घराच्या आतल्या संडासाचं होतं. ही गोष्ट सांस्कृतिक नगरीच्या गौरवग्रंथांत येत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितो. चाळीत मजल्याच्या टोकाला चार संडास, सकाळी हातात टमरेल घेऊन रांग, पावसात ओल्या गॅलरीतून जाणं, बाळंतिणीचे आणि म्हाताऱ्यांचे हाल. यातून सुटलेल्या बाईला विचारा, डोंबिवलीत काय मिळालं? ती साहित्याचं नाव आधी घेणार नाही. आतून कडी लावता येईल असा दरवाजा, स्वतःची मोरी, आणि ‘बेडरूम’ नावाची एक खोली, एवढं ती सांगेल. नवरा-बायकोला एकमेकांशी कुजबुजण्यासाठी चौपाटीवर जावं लागत नाही, हे सुख ज्यांनी भोगलं त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे.

त्यासाठी लोकांनी जे सोसलं तेही कमी नव्हतं. नळाला पाणी नाही म्हणून विहिरीवर जायचं, स्टेशनपासून घरापर्यंत चिखल, संध्याकाळी बॅटरी घेऊन चालायचं, पावसाळ्यात जिन्यात साप. गिरगावातले नातेवाईक ‘इतक्या लांब?’ म्हणून नाक मुरडायचे आणि एकदा येऊन गेले की परत यायचे नाहीत. आता त्यांचीच नातवंडं बदलापूरला घर पाहतात आणि डोंबिवलीकर त्यांना ‘इतक्या लांब?’ म्हणून विचारतो.

घराची किंमत हा हिशोबाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा खिशातल्या पासात आहे. मुंबईच्या लोकलचा महिन्याचा पास ढोबळमानानं पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशांत मिळतो. म्हणजे माणूस पहिल्या आठ दिवसांतच पैसे वसूल करतो आणि उरलेला महिना जवळपास फुकट हिंडतो. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 48 किलोमीटर. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सव्वादोनशे रुपयांच्या आसपास पडतो. महिन्याचे पंचवीस दिवस जाऊन-येऊन 2400 किलोमीटर होतात, तेव्हा किलोमीटरला नऊ-दहा पैसे लागले. इतक्या पैशांत घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाचा महिनाही निघत नाही. रेल्वेच्या भाड्याला हात लावण्याचं धाडस कोणत्याच सरकारला सहजी होत नाही, कारण हा पास महाग झाला तर मुंबईचं पगारपत्रकच कोसळेल. शहरातल्या मालकाला पन्नास किलोमीटरवरून माणूस मिळतो आणि त्याला शहरात घर घेण्याइतका पगार द्यावा लागत नाही. घराचं अनुदान असं रेल्वेच्या तोट्यातून दिलं जातं. उपनगर हे बिल्डरनं वसवलं असं म्हणतात, मला ते पासानं वसवलं असं वाटतं.

गाड्यांची गोष्टही थोडी सांगायला हवी. मुंबईत विजेवरची पहिली लोकल 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला धावली आणि त्या दशकाच्या अखेरीस कल्याणच्या पुढेपर्यंत तारा गेल्या. त्या तारांना वीज पुरवायला ठाकुर्लीला खाडीकाठी रेल्वेनं स्वतःचं वीजघर बांधलं, चोळा पॉवर हाउस. जुन्या डोंबिवलीकरांच्या क्षितिजावर देवळाच्या कळसाइतकीच त्याच्या धुराड्यांची खूण होती. त्याआधी 1916 मध्ये पारसिकचा बोगदा खुला झाला होता. सव्वा किलोमीटरहून थोडा लांब, डोंगर पोखरून काढलेला. त्यामुळे मुंब्र्याचा वळसा टळला आणि पुढे फास्ट गाड्यांनी ठाणे-डोंबिवलीमधलं अंतर आटोक्यात आणलं. कित्येक वर्षं फास्ट लोकल या बोगद्यातून जायच्या. बोगदा आला की डब्यातले उभे लोक खिडकीकडे तोंड वळवायचे, गार हवा यायची आणि पत्त्यांचा डाव क्षणभर थांबायचा. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूनं जाऊ लागल्या. पिढ्यान्पिढ्यांची सवय एका रात्रीत मोडली. तक्रार फारशी कोणी केली नाही, हळहळ मात्र ऐकली.

डब्यातल्या जगाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा. माणसं वेळ सांगताना घड्याळातली सांगत नाहीत, ‘आठ-सतराला भेटू’ म्हणतात. डोंबिवलीहून जागा मिळत नाही म्हणून उलटं कल्याणला जायचं आणि त्याच गाडीत बसून परत यायचं, याला ‘रिटर्न येणं’ म्हणतात. वीस मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण तासभर बसायला मिळेल हा त्यामागचा सौदा. मग डोंबिवलीच्या फलाटावर गाडी शिरते ती आधीच भरलेली असते आणि तिथे उभ्या असलेल्यांच्या शिव्या खिडकीतून आत येतात. शिव्या देणारा उद्या स्वतः रिटर्न येणार असतो. चौथी सीट म्हणजे अर्धी मांडी टेकवण्याची परवानगी, ती मागायची पद्धत आहे, नाकारायची पद्धत आहे. भजनी मंडळं आहेत, दसऱ्याला डब्याला तोरणं लावून पूजा होते, निवृत्त होणाऱ्याला डब्यातच नारळ आणि शाल देतात. या सगळ्याचं कौतुक करताना हेही विसरू नये, की या डब्यांत भिंती आहेत. दिव्याच्या माणसाला डोंबिवलीचा ग्रुप दारातून आत घेत नसे. 2 जानेवारी 2015 रोजी दिव्याच्या प्रवाशांनी रूळ अडवले त्यामागे याचीही चीड होती. प्रत्येक उपनगर पुढच्या उपनगराच्या नावानं बोटं मोडतं.

आणि जीव जातात. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले, त्यांतले काही गेले. त्या दिवशी चर्चा झाली ती स्वयंचलित दारांची. दारं बंद झाली पाहिजेत हे खरंच, पण दारात उभा राहणारा माणूस हौसेनं उभा नसतो. ‘मुंबई स्पिरिट’ हा शब्द अशा वेळी वापरणाऱ्यांनी निदान तो आठवडाभर तरी गप्प बसावं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कमावता माणूस असा बारा-तेरा तास बाहेर, मग गाव चालवतं कोण?

पहिली काही दशकं ते गाव घरी राहिलेल्या बायकांनी, पेन्शनरांनी आणि शिक्षकांनी चालवलं. शाळेच्या पालकसभेला आईच, पाण्याच्या टँकरशी भांडायला आईच, सोसायटीच्या सेक्रेटरीपदी नुकतेच निवृत्त झालेले काका. ग्रंथालयं, पतपेढ्या, व्याख्यानमाला, ज्येष्ठ नागरिक संघ हे सगळं ज्यांच्याकडे दुपार होती त्यांनी उभं केलं. मग बायकाही नोकरीला निघाल्या आणि खरी क्रांती झाली. 1992 साली पश्चिम रेल्वेवर आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवर लेडीज स्पेशल सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लेडीज डबा मेथी निवडणाऱ्या, वाटाणे सोलणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या बायकांनी भरलेला होता. कार्यालयातल्या खुर्चीवर बसण्याआधी त्यांची अर्धी पाळी उरकलेली असायची आणि संध्याकाळी उतरल्यावर दुसरी सुरू व्हायची.

त्या दुसऱ्या पाळीचा भार कमी करायला जे निर्माण झालं, ते मला डोंबिवलीचं सर्वांत मौलिक काम वाटतं. पोळी-भाजी केंद्र. स्टेशनबाहेर पडलं की पाच-दहा मिनिटांच्या चालीत कितीतरी सापडतील. आठ पोळ्या, पाव किलो फ्लॉवर-बटाटा, वरण, उपासाला साबुदाण्याची खिचडी, एकादशीला वरीचे तांदूळ. आत तीन-चार बायका लाटत असतात. ज्यांना गाडीनं जाणं जमलं नाही, त्यांनी गाडीनं जाणाऱ्यांसाठी रांधायला घेतलं. त्याच्या शेजारी निवडलेली मेथी, सोललेला लसूण, मोड आलेली मटकी, खवलेला नारळ विकणाऱ्या बायका. आसपासच्या इमारतींत पाळणाघरं, जिथे कोणा निवृत्त मावशींकडे दहा पोरं दुपारी वरणभात खाऊन झोपतात. शाळा सुटल्यावरचे क्लास, ते घेणाऱ्याही बहुधा गृहिणी. मुंबईत कमावलेला पगार असा संध्याकाळी गावातच हातोहात फिरतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात उपनगराला झोपण्याचं गाव म्हणतात, दिवसा तिथे काही घडत नाही अशा समजुतीनं. त्या पुस्तकांच्या लेखकांनी एखाद्या दिवशी सकाळी अकरा वाजता डोंबिवलीच्या टिळकनगरात चक्कर मारावी.

पूर्वी ‘बाहेरची पोळी’ म्हणजे घरच्या बाईची नामुष्की होती. दादर-गिरगावात सासू असायची, शेजारीणही असायची, आणि दोघींचं लक्ष असायचं. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये सासू बऱ्याचदा गिरगावातच राहिली. पोळी विकत आणली तर कोणी विचारणारं नव्हतं. ही मोकळीक लहान दिसते, पण हजारो स्त्रियांच्या रोजच्या दीड तासाचा हा हिशोब आहे. नवरे स्वयंपाकघरात शिरले असते तर केंद्रांची गरज इतकी लागली नसती, हाही आहेच. ते शिरले नाहीत. गाडीनं दमतात.

सणांचंही असंच. या अंकाच्या वाचकांपैकी कित्येक जण नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून फडके रोडवर जाणार असतील, किंवा एके काळी जात असतील. नवे कपडे, मोगऱ्याचा वास, गणेश मंदिरापर्यंत मुंगीलाही वाट न मिळण्याइतकी गर्दी, आणि कोणालाही कुठेही जायचं नाही. बाहेरच्याला हा पोरांचा थिल्लरपणा वाटतो. पण रोज सकाळी याच वेळी याच लोकांचा लोंढा याच रस्त्यानं घड्याळाकडे पाहत स्टेशनकडे धावत असतो, हे लक्षात घेतलं तर या गर्दीचं मर्म कळतं. वर्षातून एकदा सगळं गाव सकाळी गावात असतं, आणि ते एकमेकांना पाहायला रस्त्यावर येतं. 1924 साली स्थापन झालेल्या गणेश मंदिर संस्थानानं 1999 मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली तीही अशीच सुट्टीच्या सकाळी. पुढे ती ठाण्यानं उचलली, आणि गंमत म्हणजे गिरगावानंही उचलली. ज्या चाळींतून डोंबिवली निघाली, त्या चाळींना डोंबिवलीनं मिरवणूक शिकवली. त्या यात्रेच्या आशयाबद्दल, लेझीम-ढोलताशांच्या आणि धर्माभिमानाच्या वाढत्या आवाजाबद्दल माझे मतभेद आहेत, ते इथे मांडत बसत नाही. पण ती डोंबिवलीतच का सुरू झाली याचं उत्तर वेळापत्रकात आहे. ज्या गावातले लोक रोज एकमेकांना फक्त पाठमोरे दिसतात, तिथे समोरासमोर येण्याची भूक मोठी असते.

सांस्कृतिक नगरीचं बिरुद मी याच अर्थानं घेतो. रविवारी सकाळची मैफल, रात्री साडेआठनंतरचं व्याख्यान, सुट्टीतलं शिबिर. उरलेल्या वेळात जे जमेल ते, पण हौसेनं. या गावाला धड नाट्यगृह मिळायला 2007 साल उजाडलं, तोवर लोक नाटक बघायला कल्याणला नाही तर ठाण्याला जात होते. 2017 च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं नव्वदावं अधिवेशन इथे झालं, तेव्हा संमेलननगरीला भाव्यांचं नाव देण्यात आलं. रोडावलेल्या गर्दीची चर्चा पुष्कळ झाली. संमेलनाचे तीन दिवस शुक्रवार ते रविवार होते, आणि शुक्रवारी दुपारी डोंबिवलीकर कुठे असतो हे आयोजकांना सांगायला नको होतं.

गैरहजेरीची दुसरी बाजू कडू आहे. ज्या गावात नागरिक दिवसा नसतो, तिथे दिवसा काय चालतं हे त्याला कळत नाही. साठच्या दशकात एमआयडीसी आली, रासायनिक कारखाने आले. 26 मे 2016 रोजी तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, 23 मे 2024 रोजी दुसऱ्या, दोन्ही वेळा माणसं मेली आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मध्ये 2020 च्या फेब्रुवारीत एक रस्ता चक्क गुलाबी झाला. कल्याण-डोंबिवली महापालिका 1 ऑक्टोबर 1983 रोजी स्थापन झाली, 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती, आणि या सगळ्या काळात अनधिकृत इमारती राजरोस उभ्या राहत होत्या. खोट्या कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयानं 2024 मध्ये दिला तेव्हा त्यांत घर घेतलेल्या लोकांवर रस्त्यावर येण्याची पाळी आली. त्यांनी कर्ज काढलं होतं, बँकेनं कागद तपासले होते. सकाळी आठला गेलेल्या माणसाला पायाखालची इमारत मंजूर आहे की नाही हे कसं कळावं?

आणि ज्यांची ही जमीन होती, ते आगरी? आयरे, पाथर्ली, चोळे, नवागाव, नांदिवली, भोपर ही नावं आता रिक्षाच्या थांब्यांना उरली. उपनगराची कथा नेहमी आलेल्या माणसाच्या तोंडून सांगितली जाते, मीही तीच सांगतो आहे. भातशेती विकून आलेला पैसा दोन लग्नांत संपला, कोणी त्यातून बिल्डर झाला, कोणी नगरसेवक, कोणी वॉचमन. आसपासची 27 गावं 1983 मध्ये पालिकेत घातली, 2002 मध्ये बाहेर काढली, 2015 मध्ये पुन्हा आत घेतली. ब्लॉकमधल्या माणसाला हा आकडा बातमीत दिसला की तो पान उलटतो. त्याच्या दृष्टीनं गावठाण म्हणजे रस्ता अरुंद होतो ती जागा. सांस्कृतिक नगरीनं या लोकांशी बोलणं फार उशिरा सुरू केलं, आणि अजूनही ते निवडणुकीपुरतंच आहे.

1982 च्या गिरणी संपानंतर आणखी एक लाट आली. परळ-लालबागची मोडलेली घरं, हिशोबाचे तुटपुंजे पैसे, खोली विकून पूर्वेला किंवा पश्चिमेला, स्टेशनपासून जितकं लांब तितकं स्वस्त. पहिल्या पिढीचा कारकून आणि हा कामगार एकाच गाडीत चढले, तरी एकाच व्याख्यानाला बसले नाहीत. डोंबिवलीचा मध्यमवर्ग स्वतःबद्दल बोलताना यांना सहसा मोजत नाही.

मग मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली. आधी सगळ्यांसाठी, मग अत्यावश्यक सेवेखेरीज इतरांसाठी, 1 फेब्रुवारी 2021 ला थोडी सुरू, पुन्हा बंद, अखेर 15 ऑगस्ट 2021 पासून दोन लशी घेतलेल्यांना मुभा. डोंबिवलीच्या इतिहासात गावातले सगळे लोक पहिल्यांदाच रोज दिवसा गावात होते, आणि तेव्हा कळलं की घर त्यांच्यासाठी बांधलेलंच नव्हतं. वन बीएचके म्हणजे चार माणसांनी रात्री झोपण्याची जागा, चौघांनी दिवसा जगण्याची नव्हे. बाप हॉलमध्ये मीटिंगमध्ये, मुलगी बेडरूममध्ये ऑनलाइन वर्गात, मुलगा गॅलरीत, आई ओट्यापाशी लॅपटॉप टेकवून, आणि आजोबा जिन्यात खुर्ची टाकून. पोळी-भाजी केंद्रं बंद पडली, पाळणाघरं रिकामी. ज्यांची रोजची मजुरी मुंबईत होती, त्यांनी पहाटे रस्त्यानं बसच्या रांगा लावल्या. गाडीला शिव्या घालणारं गाव गाडीवाचून कासावीस झालं. पण त्याच महिन्यांत कित्येक बापांनी आपल्या पोरांना दुपारी जागं पाहिलं. रस्त्यांवरचे खड्डे, कचऱ्याचे ढीग, दुपारी चारला जाणारी वीज, एमआयडीसीच्या बाजूनं येणारा वास, हे सगळं पहिल्यांदा दिवसाउजेडी पाहिलं आणि चिडून अर्ज केले. गाडी सुरू झाली आणि अर्ज थांबले.

तरीही लोक डोंबिवली सोडत नाहीत. सोडू शकतात तेही सोडत नाहीत. परदेशातून परतलेली मुलं पलावासारख्या नव्या टॉवर-वसाहतीत फ्लॅट घेतात आणि भाजीला मात्र जुन्या बाजारात येतात. ठाण्याकडे खाडीवरून माणकोलीचा पूल झाला, मेट्रोचे खांब उभे राहताहेत, नवी मुंबई आणि ठाण्यात कार्यालयं आली, त्यामुळे सगळ्यांनाच आता दक्षिण मुंबई गाठावी लागत नाही. हे चांगलंच आहे, आणि कल्याण-डोंबिवलीतच नोकऱ्या येतील तर त्याहून चांगलं. पण गोडी त्याआधीपासूनची आहे. आठ मिनिटांच्या चालीत पोळी, पुस्तक, डॉक्टर, देऊळ, शिंपी आणि ओळखीचा माणूस मिळणं, रात्री नऊला उतरल्यावर रस्त्यावर दिवे आणि गर्दी असणं, एकट्या मुलीला त्या गर्दीतून निर्धास्त चालता येणं. ज्याला शहराची कमाई हवी आणि गावाची ओळख हवी, त्याला इतक्या पैशांत हे दुसरीकडे मिळत नाही. किंमत रोजच्या तीन तासांची आहे. ती मोजायला लोक तयार आहेत, कारण त्यांनी चाळीतला पोटमाळा पाहिलेला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही ती पुढची पिढी इतकी किंमत मोजेल, असं मला वाटत नाही.

म्हणून राज्यकर्त्यांकडे मेट्रोचा आणखी एक नकाशा मागण्याआधी डोंबिवलीकरांनी एक साधी गोष्ट मागावी: महापालिकेनं त्यांच्या वेळेला उघडं असावं. नोव्हेंबर 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती होती, कोणाला विचारायचं हेच ठाऊक नव्हतं. कार्यालयं उघडतात तेव्हा नागरिक गाडीत असतो, तो उतरतो तेव्हा शटर बंद असतं. पंधरा डब्यांच्या जास्त गाड्या रेल्वेनं द्यायच्या आहेत, त्यासाठी भांडत राहावंच लागेल. पण पालिकेची नागरी सुविधा केंद्रं रात्री दहापर्यंत आणि रविवारी दिवसभर उघडी ठेवणं, प्रभागाच्या बैठका रविवारी सकाळी घेणं, बांधकाम परवान्यांची यादी स्टेशनच्या पुलावर लावणं, याला ना मोठा निधी लागतो ना दिल्लीची मंजुरी. पुढच्या वेळी उमेदवार हात जोडून दारात आला, की त्याच्याकडून एवढं लेखी घ्या.